अंड्याला काय लागतं

माझे काका फ्रीज दुरुस्त करायचे. गल्लीत सगळे त्यांना थंडोबा म्हणत, आणि ते नाव नुसतं धंद्यावरून पडलेलं नव्हतं. घराला आग लागली तरी हा माणूस आधी चष्मा पुसेल आणि मग शांतपणे विचारेल, धूर नेमका कुठल्या बाजूने येतोय? मी नोकरीसाठी दोन-तीन वर्षं त्यांच्याकडे राहिले. माझा स्वभाव उतावळा, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्या सावकाशीने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढे सवय झाली, आणि मग तर मला त्यांचं काम बघायचा नादच लागला.

पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, आणि त्यामागे कुंपण घातलेलं परस. दुकानात दारं काढलेले फ्रीज ओळीने उभे असायचे, कोपऱ्यात तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, टेबलावर स्क्रू ठेवायला बर्फाचे जुने ट्रे. गिऱ्हाईक आलं आणि "फ्रीज बिघडलाय हो" म्हणालं की काका मान हलवायचे. "बिघडला नाही. त्याला काहीतरी मिळत नाहीये. काय ते बघू." मग तळहात फ्रीजच्या पाठीवर, कान कुशीला, डोळे मिटलेले. पुष्कळदा निघायचं ते एवढंच, की लोकांनी फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवलेला असायचा. त्यावर काका चिडायचे, म्हणजे त्यांच्या मानाने. "वीतभर जागा सोडा की मागे. त्याने श्वास घ्यायचा कुठून?" आणि तेही नसेल, तर दाराचं रबर गेलेलं. दारात कागदाचा कपटा धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. अलगद सुटला तर रबर सैल. बंद दारातून हवा जाता कामा नये म्हणजे नये, याबाबतीत ते कुणाचं ऐकून घेत नसत.

"काकूला काय मिळत नाहीये, ते बघितलंत का कधी?" मी चिडवायचे.

"तिच्यासोबत माहितीपुस्तक आलं नव्हतं," ते म्हणायचे.

तशी गरजही नव्हती. काकूला जे काही हवं-नको असेल ते ती दिवसभर सांगतच असायची. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड सुरू. समोरच्या शिंपिणीने उसवलेली बाही, बहिणीची गुडघेदुखी, भाजीवाल्याचा उद्धटपणा, सगळं एका दमात. काका कामातून मान वर न करता "हं" म्हणायचे. ते ऐकतात की नाही याची मला दाट शंका होती. काकूला मात्र नव्हती.

परसात काकूचं एक बदक होतं. पांढरंशुभ्र, जाडजूड, आणि चालायचं असं की जणू आम्ही तिघं त्याच्याकडे भाड्याने राहतोय. काका तिला बाईसाहेब म्हणत. काकूने बहिणीकडून एक नर आठवडाभर पाहुणा आणला, तो यथेच्छ खाऊनपिऊन परत गेला, आणि काही दिवसांनी बाईसाहेब जिन्याखालच्या खोक्यात सात अंडी घालून त्यांच्यावर बसल्या. काकू घरात चोरपावलांनी चालू लागली. आम्हीही तसंच चालावं असा तिचा आग्रह होता. अंड्यांवर बसलेल्या बदकाला पावलांचा त्रास होतो की नाही, कोण जाणे, पण काकूशी वाद कोण घालणार?

दोन आठवडे असे गेले. मग एका सकाळी काका मागच्या गल्लीतून एक जड कॉम्प्रेसर उचलून घेऊन आले. दोन्ही हात अडकलेले, म्हणून परसाचं फाटक त्यांनी कमरेने ढकललं, आत आले, कॉम्प्रेसर टेबलावर ठेवला, आणि तो कशाने अडलाय हे बघण्यात गढून गेले. फाटकाची कडी लावायची राहिली. कुत्रा कधी आला ते कुणालाच कळलं नाही. ओरडा ऐकून काकू धावली तेव्हा परसात नुसती पिसं उडत होती.

"फाटक कुणी उघडं टाकलं?" काकूने विचारलं.

"मी," काका म्हणाले.

काकूने परस धुतलं, पिसं गोळा केली, आणि त्या क्षणापासून तोंडात मिठाची गुळणी धरली. काकांशी ती बोलेना. माझ्याशी बोलायची, तेही काकांना निरोप देण्यापुरतं. काका ताटासमोर बसलेले असताना मला म्हणायची, "ह्यांना सांग, भाजीत मीठ कमी आहे, वरून घ्या." काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "तिला सांग, बरोबर आहे मीठ." मी मधल्या मध्ये टपालखातं झाले होते. घर इतकं गप्प झालं, की दुकानातल्या फ्रीजची घरघर स्वयंपाकघरात ऐकू यायची. मला आधी हसू आलं, मग कंटाळा आला, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून खरंच भीती वाटायला लागली.

पण अंड्यांचं काय झालं ते सांगते. त्याच सकाळी, काकू परस धूत असताना, काका जिन्याखाली वाकले आणि त्यांनी पालथा हात अंड्यांना लावून बघितला. मग मला खुणेने बोलावलं.

"अजून ऊब आहे. अंड्याला काय लागतं गं?"

"ऊब," मी म्हटलं.

"किती?"

मला काय ठाऊक? काकांनी एका अंड्यांच्या व्यापाऱ्याच्या शीतगृहाची यंत्रं सांभाळली होती. त्याची स्वतःची कोंबड्या-बदकांची अंडी उबवायची जागाही होती. त्याला फोन लावला. तो म्हणाला, साडेसदतीस अंश, कमी नको, जास्त नको. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा, हवा कोरडी पडता कामा नये. आणि अंडी दिवसातून अनेकदा फिरवा.

"फिरवायची कशाला?" काकांनी विचारलं.

"नाहीतर पिल्लू आतल्या आत कवचाला चिकटतं. पक्षीण चोचीने फिरवतेच की."

काकांनी फोन ठेवला. बाईसाहेब अंड्यांशी चोचीने खुडबुड करायच्या ती त्यांनीही पाहिली होती, मीही पाहिली होती. आम्हाला वाटायचं, तो त्यांचा चाळा.

दुकानात एक हातभर उंचीचा फ्रीज पडून होता, ऑफिसात टेबलाशेजारी ठेवतात तसला. काकांनी त्याची थंड करायची यंत्रणा काढून टाकली, आत दिवा आणि तापमान दाखवणारा काटा बसवला, आणि ठरलेल्या तापमानाला दिवा आपोआप लागेल-विझेल अशी कळ जोडली. "आयुष्यभर ह्या पेट्यांमधली ऊब बाहेर काढली," ते म्हणाले, "आता आत ठेवायची." दुपारच्या आत सातही अंडी आत होती. इतक्या वेगाने काम करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि हे ते कुणासाठी करत होते ते सांगायची गरज नव्हती.

काही दिवसांनी त्यांनी मला दुकानाचे पडदे ओढायला सांगितले आणि एक अंडं टॉर्चवर धरलं. अंडं आतून लालसर उजळलं. बारीक बारीक शिरा सगळीकडे पसरलेल्या, मधे एक काळी सावली, आणि ती सावली एकदम हलली. मी किंचाळले. काका हसले, कितीतरी दिवसांनी. मी तशीच स्वयंपाकघरात पळाले आणि काकूला सांगितलं. तिचा चिरणारा हात थांबला, मग परत चालू झाला.

"मला नको सांगूस," ती म्हणाली. "आईशिवाय कुठे जगतात ती? उगाच मला आशेला लावू नका."

ती दुकानात पाऊलसुद्धा टाकत नव्हती. मला तिचा राग आला होता, आणि कीवही येत होती.

काकांना आता एकच गोष्ट खुपत होती. अंडी फिरवायला दार उघडलं की काटा खाली यायचा. परत वर यायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ काका श्वास रोखून बसायचे. मग त्यांनी एक दांडी केली. पेटीच्या भिंतीतून आरपार, आतल्या जाळीला जोडलेली. बाहेरून मूठ फिरवली की आतली सगळी अंडी एकदम वळायची. दांडीभोवतीची फट त्यांनी लांबी भरून बुजवली, दाराचं रबर नवं घातलं, आणि कागदाचा कपटा दारात धरून ओढला. कागद फाटून हातात आला.

"फाटला!" काका मला म्हणाले. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला असेल. त्यानंतर दार उघडायचं कारणच उरलं नाही. काटा जागचा हलेना. काका बघ बघ बघायचे आणि समाधानाने मान डोलवायचे.

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही पुन्हा पडदे ओढले. पहिल्या अंड्यातलं पिल्लू हललं, पण कितीतरी वेळाने, झोपेतून कुशीवर वळावं तसं. दुसरं हललंच नाही. काकांनी ते कानाशी धरलं, फिरवलं, पुन्हा टॉर्चवर धरलं. तिसरंही तसंच. बाकीची होती जिवंत, पण सुस्त. काका स्टुलावर बसले.

"ऊब काट्यावर आहे," ते अंड्यांकडे बघत म्हणाले. "ओल आहे. फिरवणं चुकलेलं नाही. मग ह्यांना काय मिळत नाहीये?"

माझा संयम तिथे संपला. मी तडक काकूकडे गेले. "दोन गेली. बाकीचीही जातील. तुला रागवायचं तर रागव, भांडायचं तर भांड, पण एकदा येऊन बघ."

काकू हात पुसत आली. पेटीभोवती एक फेरी मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यांना विचार, हे दार दिवसातून किती वेळ उघडं असतं."

मी काकांकडे पाहिलं. काका मला म्हणाले, "तिला सांग, दांडी बसवल्यापासून उघडलेलंच नाही."

मी निरोप पोचवायच्या आतच काकूचा बांध फुटला. "उघडलंच नाही? अहो, ती रोज उठायची! सकाळी अंड्यांवर पिसं ओढायची आणि खुशाल निघून जायची. परसातल्या टाकीत डुंबायची, खायची, परसभर मिरवायची, आणि ओलीच्या ओली परत येऊन बसायची. मी ओरडायचे तिच्या अंगावर, अंडी गार पडतील म्हणून. ऐकलं का तिने कधी? फ्रीजला श्वास लागतो म्हणून सगळ्या गल्लीला ओरडता, आणि ह्यांना नाही का लागत?"

काका उठून उभे राहिले. "कवचातून?" त्यांनी विचारलं. "कवचातून हवा जाते?"

"मला काय माहीत कुठून जाते! ती उठायची, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय."

पुन्हा व्यापाऱ्याला फोन. तो म्हणाला, अर्थात, अंड्याला बारीक बारीक छिद्रं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतकी. पिल्लू मोठं होत जातं तशी त्याला जास्त हवा लागते. आमच्या यंत्राला पंखा असतो, भोकं असतात, म्हणून वेगळं सांगायचं सुचलंच नाही. काकांनी फोन ठेवला, ड्रिल घेतलं आणि स्वतःच्या हाताने बसवलेल्या त्या दाराला वर-खाली भोकं पाडली. मी त्यांचा चेहरा बघत होते. कुणी त्यांच्याच दाताला भोक पाडत असावं असा झाला होता.

त्या दिवसापासून रोज सकाळी दार उघडलं जाऊ लागलं. काकू ओल्या हातांनी अंड्यांवर पाणी शिंपडायची आणि बाईसाहेब जेवढा वेळ बाहेर काढायच्या तेवढा वेळ दार तसंच ठेवायला लावायची. काटा भराभर उतरायचा. काकांचा जीव खालीवर व्हायचा. "त्या काट्याकडे बघू नका," काकू म्हणायची. मग ते भिंतीकडे बघायचे.

"बोलायला लागली की तुमच्याशी," मी एकदा काकांना म्हटलं.

"कामापुरतं बोलते," ते म्हणाले. "पाणी आणा, दार लावा. दुसरं काही सांगत नाही."

आणखी दोन अंडी गेली. झालेलं नुकसान भरून आलं नसावं. उरली तीन. मला आता ऑफिसात लक्ष लागत नव्हतं. सुटल्या सुटल्या मी घरी पळत यायचे आणि चपला न काढताच दुकानात शिरायचे.

मग एका सकाळी काकांनी आम्हाला हाक मारली. पेटीतून आवाज येत होता. अंडी धड होती, कुठे तडा नव्हता, आणि तरी आतून चिवचिव ऐकू येत होती. मी वेड्यासारखी एकेका अंड्याला कान लावत सुटले. बाहेर यायच्या आधीच पिल्लू बोलतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. कुणाशी बोलत असेल ते? काकू म्हणाली, एकमेकांशी. ते खरं की काय, मला अजून सांगता येणार नाही.

दुपारपर्यंत पहिल्या अंड्याचा टवका उडाला. मग काहीच नाही. तासच्या तास काही नाही. काकांनी बारीक चिमटा उचलला.

"हात लावू नका," काकू म्हणाली. तिने बहिणीला विचारून ठेवलं होतं. "कवचाच्या आतल्या शिरांमधलं रक्त आधी त्याच्या अंगात जायला हवं. आपण घाई केली तर तेच रक्त वाहून मरतं."

काकांनी चिमटा ठेवला आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. काहीच न करता बसणं त्यांना किती जड जातंय हे दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू बाहेर आलं. ओलं, चिकट, मान सावरता न येणारं. जरा वेळाने दुसरं. काकूने दोन्ही कापडात घेतली आणि मांडीवर ठेवली. तिसऱ्यानेही टवका उडवला होता, भोकातून चोच दिसत होती, पण त्याचा आवाज बारीक होत चालला होता.

"ह्याला मदत लागतेय," काका म्हणाले.

"नको."

थोड्या वेळाने पुन्हा, "अगं, दमलंय ते."

"नको म्हटलं ना! त्याचं त्याला येऊ दे."

संध्याकाळी आवाज थांबला. काकांनी हळूच कवच सोलून काढलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. आतलं पातळ पापुद्र्यासारखं कातडं वाळून त्याच्या अंगाला आवळून बसलं होतं. त्याला सुटता आलं नव्हतं.

"माझ्यामुळे गेलं," काकू म्हणाली.

"छे गं," काका लगेच म्हणाले. "आपण सोडवलं असतं आणि रक्त वाहिलं असतं तर? बाहेरून कुणाला कळणार होतं? तू त्याच्या भल्यासाठीच थांबवलंस."

हे ते न थांबता, विचारसुद्धा न करता बोलले. काकू त्यांच्याकडे वळली.

"मी असं नाही म्हटलं तुम्हाला," ती म्हणाली. "बदक गेलं तेव्हा. तुमचे हात अडकले होते, दिसत होतं मला. तरी नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस."

"राग आला होता हो मला. फार."

"यायलाच हवा होता," काका म्हणाले. मग चष्मा काढून हातात धरला. "पण मला फार वाईट गेले गं हे दिवस. दुकानातून घरात यायला नको वाटायचं."

थंडोबाच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. काकूने बहुधा लग्नापासून ऐकलं नसावं. ती रडायला लागली, आणि मांडीवरच्या पिल्लांनी त्याहून मोठ्याने ओरडायला सुरुवात केली.

"तहान लागली असेल ह्यांना," ती नाक पुसत म्हणाली. "अहो, पाणी आणा. उथळ ताटलीत आणा, खोल नको. बुडतील."

"बदक बुडतं?" काका आणि मी एकदमच म्हणालो.

"आईच्या पोटाखाली बसून ह्यांच्या अंगाला तिचं तेल लागतं, म्हणून ही तरंगतात. आई नसली की बुडतात."

काका स्वयंपाकघरात गेले आणि ताटली घेऊन आले. पाणी सांडू नये म्हणून पाऊल जपून टाकत होते. त्यांनी ती जमिनीवर ठेवली. पिल्लांनी चोची बुडवल्या, माना वर केल्या, पुन्हा बुडवल्या. पाणी प्यायला त्यांना कुणी शिकवलं होतं, हे विचारायला मी तोंड उघडणार, तोच काकू बोलायला लागली.

"आणि काय हो, पलीकडच्या घरातली म्हातारी मुलाकडे राहायला गेली, कळलं का तुम्हाला? कसं कळणार! गच्चीवरची टाकी गळतेय. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आलीय, म्हणे गोड बोलते. आणि मला एक स्वप्न पडलं होतं, कितीतरी दिवस झाले, तुम्हाला सांगायचंच राहिलं."

बाहेर दुकानाच्या दाराशी एक गिऱ्हाईक हाका मारत होतं. काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"कसलं स्वप्न?" त्यांनी विचारलं, आणि काकूने ते अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.